पाणी तोलणारा शास्त्रज्ञ

सकाळी दूधवाला दारात येतो. त्याच्या किटलीच्या कडेला दोन-तीन मापे अडकवलेली असतात. एक लिटरचे माप, अर्ध्या लिटरचे आणि सर्वांत लहान पाव लिटरचे. आई पातेले पुढे करते, दूधवाला माप भरून ओततो आणि हिशेब मिटतो. या मापाविषयी कोणी भांडत नाही. लिटर म्हणजे किती, हा प्रश्नसुद्धा आपल्या मनात येत नाही.

परंतु घरातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारून पाहा. त्यांच्या लहानपणी दूध शेरावर मिळत असे. उर्दूत ज्याला सेर म्हणतात, तोच हा मराठी शेर. जंगलातला किंवा मुशायऱ्यातला नव्हे. पावशेर, अच्छेर, शेर अशी मापे घरोघरी असत. सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. पण बाजारातील मापे गावागणिक बदलत. एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराला जुळेलच, असे नव्हते. भारत सरकारने १९५६ साली वजनमापांचा कायदा केला. १९५८ च्या ऑक्टोबरपासून मीटर, लिटर आणि किलोग्रॅम ही मापे हळूहळू देशभर सुरू झाली. शेर गेला, पण पाव मात्र आपल्या बोलण्यात राहिला.

हे लिटर फ्रान्स देशातून आले. ते ठरवण्यासाठी ज्यांनी कष्ट घेतले, त्यांत आंत्वान लॅव्हॉझिए हा एक मोठा रसायनशास्त्रज्ञ होता. हवेतील एका वायूला ऑक्सिजन हे नाव त्यानेच दिले, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल. त्याने पाण्याचे वजन कसे केले आणि त्या काळात त्याच्यावर कोणते संकट आले, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते.

लॅव्हॉझिएचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिस शहरात झाला. त्याचे वडील वकील होते. तो पाच वर्षांचा असताना आई वारली. मुलाने आपल्यासारखेच वकील व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्याप्रमाणे तो कायद्याची परीक्षा उत्तीर्णही झाला. परंतु त्याचे मन विज्ञानात रमले होते. शहरातील रस्त्यांवर रात्री दिव्यांची सोय कशी करावी, यावर त्याने एक निबंध लिहिला. त्यासाठी १७६६ साली त्याला सुवर्णपदक मिळाले. पुढच्या वर्षी एका वडीलधाऱ्या शास्त्रज्ञाबरोबर तो व्होज नावाच्या डोंगराळ भागात गेला. तेथील निरनिराळ्या झऱ्यांचे पाणी त्याने तपासले. कोणते पाणी जड आहे, कोणते हलके आहे, याची नोंद केली.

मोजल्याशिवाय काही मानायचे नाही, हा त्याचा स्वभाव तेव्हापासून दिसतो. त्या काळी अनेक विद्वानांची अशी समजूत होती की, पाणी पुष्कळ दिवस उकळत ठेवले तर त्याची माती होते. कारण उकळलेल्या पाण्याच्या तळाशी थोडा गाळ साचत असे. लॅव्हॉझिएने काचेच्या एका बंद भांड्यात पाणी घेतले. भांड्याचे वजन केले, पाण्याचे वजन केले आणि ते पाणी १०१ दिवस तापवत ठेवले. शेवटी पुन्हा वजने केली. पाणी तेवढेच होते. भांड्याचे वजन मात्र थोडे घटले होते. म्हणजे तो गाळ पाण्यातून नव्हे, तर काचेतून आला होता. शेकडो वर्षांची समजूत एका तराजूने खोटी ठरवली.

१७६८ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, तो पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा सभासद झाला. त्याच वर्षी त्याने आणखी एक गोष्ट केली आणि तीच पुढे त्याच्या जिवावर बेतली. फ्रान्सच्या राजाने मीठ, तंबाखू आणि शहरात येणारा माल यांवरील कर गोळा करण्याचा मक्ता श्रीमंतांच्या एका मंडळीला दिला होता. लॅव्हॉझिएने या मक्त्यात भाग घेतला. या मक्तेदारांनी राजाला ठरलेली रक्कम द्यायची आणि लोकांकडून कर वसूल करून वर नफा मिळवायचा, अशी ही पद्धत होती. साहजिकच गोरगरीब लोक या मंडळीचा तिरस्कार करीत. लॅव्हॉझिए स्वतः हिशेबात चोख होता. पण मंडळींच्या नफ्यात त्याचाही वाटा होता, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. पॅरिसमध्ये चोरून माल येऊ नये म्हणून शहराभोवती भिंत बांधावी, ही कल्पनाही त्याचीच. ती भिंत १७८४ नंतर उभी राहू लागली तेव्हा सारे शहर चिडले.

१७७१ साली त्याचे लग्न मारी-आन हिच्याशी झाले. तीही एका मक्तेदाराचीच मुलगी होती. ती इंग्रजी शिकली आणि इंग्रजी पुस्तकांचे त्याच्यासाठी भाषांतर करू लागली. ती चित्रकलाही शिकली. त्याच्या ग्रंथातील उपकरणांची चित्रे तिनेच काढली आहेत.

आता त्या काळच्या फ्रान्समधील मापांकडे वळू, कारण ती पाहिल्याशिवाय पुढची गोष्ट समजणार नाही. तेथे पातळ पदार्थ पिंट नावाच्या मापाने मोजत. पॅरिसची पिंट ४८ घनइंचांची होती. अर्ध्या पिंटला शोपीन म्हणत. २८८ पिंटचे एक मोठे पिंप होई. त्याला म्युई म्हणत. १२ इंचांचा एक फूट, म्हणून एका घनफुटात १२ × १२ × १२ = १,७२८ घनइंच. त्याला ४८ ने भागले की ३६ पिंट येतात. वजनाचे कोष्टक वेगळेच होते. एका पौंडाचे १६ औंस, एका औंसाचे ८ ग्रो आणि एका ग्रोचे ७२ ग्रेन. म्हणजे पौंडाचे ९,२१६ ग्रेन झाले. यात कोठे १२ ने गुणायचे, कोठे १६ ने, कोठे ७२ ने.

एक उदाहरण करून पाहू. समजा, एक हौद ३ फूट ५ इंच लांब, २ फूट ७ इंच रुंद आणि २ फूट २ इंच खोल आहे. त्यात पाणी किती मावेल? आधी सर्व मापांचे इंच करावे लागतील : ४१, ३१ आणि २६. त्यांचा गुणाकार ३३,०४६ घनइंच. त्याला ४८ ने भागले तर ६८८ पिंट आणि वर २२ घनइंच उरतात. आता या पाण्याचे वजन किती? एक घनफूट पाणी सुमारे ७० पौंड भरते. म्हणून ३३,०४६ ला १,७२८ ने भागायचे आणि ७० ने गुणायचे. उत्तर येते सुमारे १,३३९ पौंड. एवढा खटाटोप बाजारातला साधा माणूस कसा करणार? तो दुकानदारावर विश्वास ठेवी. आणि हे सारे पॅरिसचे झाले. जवळच्या सेंट-डेनिस गावची पिंट पॅरिसच्या पिंटपेक्षा मोठी होती. नाव एकच, माप दोन. अशा ठिकाणी फसणारा माणूस बहुधा गरीबच असतो.

शास्त्रज्ञांची अडचणही काही कमी नव्हती. लंडनच्या माणसाने केलेला प्रयोग पॅरिसमध्ये पडताळून पाहायचा, तर आधी त्याचे औंस आणि आपले औंस जुळवावे लागत. लॅव्हॉझिएने १७८९ साली रसायनशास्त्रावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने एक साधा उपाय सुचवला. प्रत्येक देशाच्या शास्त्रज्ञाने आपला पौंड आपल्याजवळ ठेवावा, परंतु त्याचे भाग औंस-ग्रोमध्ये न करता दशांश अपूर्णांकात करावेत. मग पौंड लहान असो की मोठा, पदार्थांचे प्रमाण सर्वांना सारखेच कळेल. औंस, ग्रो आणि ग्रेन यांचे दशांशात रूपांतर करण्याची कोष्टकेही त्याने ग्रंथाच्या शेवटी छापली. त्याशिवाय आणखी एक कोष्टक दिले. ते म्हणजे अमुक वजनाच्या पाण्याचे आकारमान किती घनइंच असते, याचे.

हे कोष्टक फार उपयोगाचे होते. वेड्यावाकड्या आकाराच्या बाटलीत किती पाणी मावते, हे फूटपट्टीने मोजता येत नाही. पण रिकाम्या बाटलीचे वजन करा, ती काठोकाठ भरून पुन्हा वजन करा आणि वजाबाकी करा. समजा, पाण्याचे वजन २ पौंड ३ औंस आले. त्याचे ग्रेन केले तर २०,१६० होतात. घनफुटाला ७० पौंड, या हिशेबाने एका घनइंच पाण्याचे वजन सुमारे ३७३ पूर्णांक एकतृतीयांश ग्रेन येते. भागाकार केला की उत्तर मिळते ५४ घनइंच. म्हणजे एक पिंट आणि वर ६ घनइंच. वजनावरून आकारमान काढण्याची ही युक्ती तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेतही करून पाहू शकता. आपल्याला मात्र एवढा भागाकार करावा लागत नाही.

तो का करावा लागत नाही, याचे उत्तर पुढच्या चार वर्षांत आहे.

१७८९ मध्येच फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. सर्व देशात एकच वजन आणि एकच माप असावे, ही लोकांची जुनी मागणी होती. ८ मे १७९० रोजी राष्ट्रीय सभेने मापे बदलण्याचा ठराव केला आणि हे काम विज्ञान अकादमीकडे सोपवले. लॅव्हॉझिए त्या कामात होता आणि अकादमीचा खजिनदार म्हणून पैशाचा हिशेबही त्याच्याकडे होता. कोणत्याही राजाच्या पावलावरून किंवा हातावरून माप ठरवायचे नाही, असे शास्त्रज्ञांनी ठरवले. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. त्यासाठी दोन शास्त्रज्ञ जमीन मोजायला डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंत हिंडू लागले.

लांबी मीटरने ठरली. पातळ पदार्थांचे माप तिच्यातूनच काढायचे होते. मीटरचा दहावा भाग म्हणजे डेसिमीटर, अर्थात १० सेंटिमीटर. १० सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच अशी एक पेटी घ्या. तिच्यात मावेल तेवढे पाणी म्हणजे नवे माप. आणि त्या पाण्याचे वजन म्हणजे वजनाचे नवे एकक. पण त्या पाण्याचे वजन जुन्या ग्रेनमध्ये नेमके किती, हे कोणीतरी मोजून सांगायला हवे होते. हे काम लॅव्हॉझिए आणि स्फटिकांचा अभ्यासक आयुई या दोघांकडे आले.

वाटते तेवढे हे सोपे नव्हते. भांड्याच्या आतली बाजू अचूक मोजणे फार कठीण असते. काठावर पाणी फुगते, कोपऱ्यात हवेचे बुडबुडे राहतात. म्हणून त्यांनी उलटा मार्ग घेतला. धातूचे एक पोकळ, सर्व बाजूंनी बंद नळकांडे बनवून घेतले. त्याची उंची आणि व्यास बाहेरून अनेक ठिकाणी मोजून त्याचे आकारमान काढले. मग ते आधी हवेत तोलले आणि नंतर पाण्यात बुडवून तोलले. पाण्यात वस्तूचे वजन जेवढे कमी होते, तेवढेच तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन असते. आर्किमिडीजचे हे तत्त्व तुम्हांला ठाऊक आहे. पाणी ऊर्ध्वपातनाने शुद्ध केलेले होते, कारण क्षारयुक्त पाणी जड असते. तापमानही सांभाळावे लागले, कारण पाणी तापले की फुगते. हवासुद्धा नळकांड्याला किंचित उचलून धरते. तोही हिशेब त्यांनी केला.

हे काम जानेवारी १७९३ मध्ये झाले. त्याच महिन्याच्या २१ तारखेला पॅरिसच्या चौकात राजा सोळावा लुई याचा शिरच्छेद झाला. बाहेर असे दिवस होते. आत दोन माणसे पाण्यातल्या नळकांड्याचे वजन ग्रेनमध्ये लिहून घेत होती. त्यांचे उत्तर आले १८,८४१ ग्रेन. म्हणजे जुन्या हिशेबाने २ पौंड ५ ग्रो ४९ ग्रेन.

या एका आकड्याने लांबी, आकारमान आणि वजन एकमेकांना जोडली गेली. आता मीटरमध्ये मोजलेला दुसरा एक हौद घ्या. १ मीटर लांब, ८० सेंटिमीटर रुंद, ५० सेंटिमीटर खोल. १०० × ८० × ५० = ४,००,००० घन सेंटिमीटर. हजाराने भागा, ४०० लिटर. वजन? ४०० किलोग्रॅम. तीन शून्ये काढली की काम झाले. लिटरचे मिलिलिटर करायचे तर हजाराने गुणायचे. एका घनमीटरात हजार लिटर असतात. काटेकोरपणे पाहिले, तर एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम हे ४ अंश सेल्सियस तापमानालाच जुळते. शिवाय २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या वेगळ्या पद्धतीने करतात. तरी घरातल्या आणि शाळेतल्या हिशेबाला ही जोडी पुरते.

१ ऑगस्ट १७९३ रोजी नव्या मापांचा कायदा झाला. त्यात या मापाचे नाव लिटर नव्हते, कादिल होते. त्यानंतर एका आठवड्यातच, ८ ऑगस्टला, सरकारने विज्ञान अकादमी बंद केली. मापांचे काम तेवढे एका तात्पुरत्या समितीकडे चालू राहिले. लॅव्हॉझिए त्या समितीत काम करीत होता. नोव्हेंबरमध्ये जुन्या करमक्तेदारांना पकडण्याचा हुकूम निघाला. लॅव्हॉझिए आणि त्याचा सासरा आपण होऊन हजर झाले. मापांच्या कामासाठी त्याला सोडावे, अशी विनंती समितीने डिसेंबरमध्ये केली. ती फेटाळली गेली. उलट त्याच महिन्यात समितीतूनच त्याचे नाव काढून टाकले.

मक्तेदारांना त्यांच्याच जुन्या कचेरीत कैद करून ठेवले आणि सर्व वर्षांचे हिशेब पुरे करण्यास सांगितले. लॅव्हॉझिए पुन्हा आकडेमोड करीत बसला. या वेळी ती स्वतःचा जीव वाचवण्यासाठी होती. मक्तेदारांवर जे आरोप होते, त्यांत एक मोठा आरोप असा की, त्यांनी तंबाखूत प्रमाणापेक्षा जास्त पाणी घातले आणि पाणी तंबाखूच्या भावाने विकले. पाण्याचा एकेक ग्रेन मोजणाऱ्या माणसावर हा आरोप यावा, हे विचित्रच म्हटले पाहिजे. मक्तेदारांनी हिशेब दाखवून उत्तर दिले. पण ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते.

८ मे १७९४ रोजी खटला चालला आणि त्याच दिवशी अठ्ठावीस मक्तेदारांना गिलोटिनखाली मारण्यात आले. मारी-आनचे वडील तिसरे होते, पती चौथा. तो पन्नास वर्षांचा होता. मापे बदलण्याचा ठराव झाला त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. घरातील पुस्तके आणि उपकरणे सरकारने जप्त केली. ती पुढच्या वर्षी मारी-आनला परत मिळाली. पतीचे अपुरे राहिलेले लेखन तिने नंतर छापून काढले.

७ एप्रिल १७९५ रोजी फ्रान्समध्ये नवा कायदा आला. लित्रों नावाचे धान्याचे एक जुने माप होते; त्यावरून कादिलचे नाव लिटर झाले. ग्रॅम हे नावही याच कायद्यात आले. जमिनीची मोजणी पुरी झाल्यावर दुसऱ्या दोन शास्त्रज्ञांनी पाण्याचे वजन नव्याने केले. त्यांचीही रीत तीच होती, पोकळ नळकांड्याची. फक्त त्यांनी पाण्याचे तापमान बर्फाजवळचे न घेता, ते सर्वांत जड असते तेव्हाचे घेतले. त्यावरून १७९९ मध्ये प्लॅटिनमचा किलोग्रॅम तयार झाला. त्यांचा आकडा १८,८२७.१५ ग्रेन होता. लॅव्हॉझिए आणि आयुई यांच्या आकड्यापेक्षा तो सुमारे १४ ग्रेनने, म्हणजे पाऊण ग्रॅमपेक्षाही थोड्या कमी वजनाने लहान आहे. त्यातलाही बहुतेक फरक त्यांच्या तराजूचा नव्हता. दरम्यानच्या काळात मीटरच किंचित आखूड ठरला होता, आणि पेटी लहान झाली की पाणीही कमी मावते.